ताप झाकायची गोळी

शेवटचं एकत्र काम म्हणजे मी आणि बायकोने ओट्यावर बसून सुका जवळा निवडला. औषधांनी तिची बोटं बधिर झालेली, तरी मी निवडलेलं सूप ती पुन्हा बघायची.

“अवो, ह्यो कचरा कोन काढनार, डॉक्टर?”

“खा तसाच. ताकद येल.”

हसली, आणि माझ्या गुडघ्यावर हात टेकला. हात भाजत होता.

तिला लिम्फोमा होता, गाठींचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून दोन तऱ्हेची औषधं. केमो गाठ मारते आणि इम्युनोथेरपी अंगातल्या शिपायांना चोर दाखवते, असं डॉक्टरने समजावलेलं. चार डोसांत मानेवरची गाठ विरघळली. औषधाला मी शिव्या घालणार नाही. पण त्यात शिपाईही मरतात, ताप आला की लगेच या, हे त्याने सांगितलं ते दाराशी, पुढच्या पेशंटला हाक मारता मारता. वर कागद दिला तो इंग्रजीत! मी चौथी पास.

खोटं कशाला बोलू? ऐकलं होतं मी.

शेजारच्या खुर्चीत डोस घेणारी सिल्व्हर पार्कला राहणारी बाई हिला म्हणाली होती, “बुखार बताया तो अगला डोस आगे ढकलेंगे. गोली खाओ, चुप बैठो.” हिचे दोनच डोस उरलेले. ते उरकायची घाई.

“ताप कोनाला सांगू नका,” म्हणाली.

गोळी मीच दिली. ताप उतरला, मी खूश. गाढव! दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना. हॉस्पिटलात नेलं तोवर जंतू रक्तात पसरलेले. संध्याकाळी गेली. लोक म्हणतात कॅन्सरने गेली. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

सुतकात कुणाच्या दारी जात नाहीत. मी दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली आणि त्या बाईच्या घरी गेलो. डोसानंतर रिक्षातून परतताना तिला सोडायचो, म्हणून घर माहीत. तिला शिव्याच द्यायच्या होत्या. दार नवऱ्याने उघडलं. मागे ती, डोक्याला रुमाल, हातात चहा. मी नवऱ्याकडेच वळलो.

“अंदर आओ, चाचा,” तो म्हणाला.

“नहीं आएगा. सुतक है. इसको बुखार आया तो गोली नहीं देने का. उसी टाइम हॉस्पिटल. ये नको बोली तो भी, उठाके ले जाने का. क्या करने का? बोल.”

त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.