वडिलांचा डोळा आणि माझे पाय

माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, उजवा डोळा लाल झाला तेव्हा आमच्या गावात, खुटबावात, सगळ्यांचं एकमत झालं: डोळे आले. आमची मेंढरं कधीच गेली होती, आता ऊस होता. पण औषध जुनंच राहिलं होतं. भावकीतल्या एकाकडून आई वाटीत मेंढीचं दूध आणायची आणि कापसाच्या बोळ्यानं आबांच्या डोळ्यात पिळायची. त्यांचा टॉवेल वेगळा, बाज गोठ्याकडे, आणि आम्हाला ताकीद: त्यांच्या डोळ्यात बघायचं नाही, नाहीतर आपलेही येतात.

बघू नको म्हटल्यावर मी बघणारच. शाळकरी होते, आणि नको तिथं नाक खुपसायची खोड जन्मजात. रोज पहाटे आबांची कंबर आखडायची, मग ते पालथे पडायचे आणि मी त्यांच्या पाठीवर चालायचे. हे काम काही थांबलं नव्हतं. उतरले की मी सरळ त्यांच्या तोंडासमोर बसायचे. डोळ्यात चिपडं नव्हती. उजेड मात्र सोसत नव्हता, आणि बाहुली बारीक झाली होती.

"आये, आबांचं डोळं आल्यात, मग आपल्यात कुणालाच कसं न्हाई लागलं?"

"गप बस. लागावं वाटतंय व्हय तुला?"

मग एका सकाळी आबांनी डावा डोळा झाकला आणि म्हणाले, "पोरी, तू दिसंना की गं." मला रडूच फुटलं. आईनं दुधाची वाटी ठेवली आणि आम्ही शटल रेल्वेनं दौंड गाठलं.

तिथं डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकले. बाहुली मोठी झाली, पण गोल नव्हे. कडा जागोजागी आत चिकटलेल्या. त्यांनी मलाही ती दाखवली. ही साथ नव्हे, डोळ्याच्या आत सूज आहे, म्हणाले. आणि मग विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?"

आबा हसले. "डॉक्टर, तुम्ही डोळ्याचं बघा. कंबरंला ही पोरगी हाय."

डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही एकच दुखणं असावं, म्हणाले. आणि ते घराण्यातही उतरू शकतं.

डोळा वाचला, पण पहिल्यासारखा नाही. वाकडी बाहुली आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. कंबर आणि डोळा यांचं गूळपीठ कसं जमलं असेल, याचं मला कितीतरी वर्षं नवल वाटायचं.

लग्न होऊन मी शिरूरला आले. तिथं एका थंडीत सकाळी माझी कंबर आखडली. सवयीनं मी पालथी झाले आणि मुलीला म्हटलं, जरा पाठीवर चाल. तिनं पाय ठेवला, आणि मला आबांची वाकडी बाहुली आठवली.

"उतर," मी म्हटलं. "आधी खिडकी उघड आणि माझ्या डोळ्यात बघ."