कंबरेशी वळलेला शिंपला

अख्ख्या मुलुंडमध्ये शिंपल्यांशी भांडणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वहिनीचा बाप निघावा, हे आमच्या घराण्याचं भाग्य.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. भांडुपच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं फिटरचं काम केलं, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून हाताने गिटारी बनवायला लागले. वाजवता येत नाही. कुणी विचारलंच, तर मालवणीत ऐकवतात, "होडी बांधणारो मासे पकडूक जाता काय?" वर्षाला एक गिटार बनते, फार तर दोन. पण त्या नादात त्यांना जगातली प्रत्येक लाकडी वस्तू बोटाने ठोकून बघायची सवय लागली. दादाच्या लग्नाची बोलणी करायला ते आमच्या बोरिवलीच्या घरी आले, तेव्हा पोहे हातात घेण्याआधी त्यांनी आईचं कपाट ठोकलं, कान लावला आणि हळहळून म्हणाले, "प्लायवूड." आईला वाटलं, स्थळ मोडलं. पुढे आमच्या दाराची चौकट ठोकल्यावर मात्र चेहरा खुलला. ती सागाची होती. दादाचं लग्न त्या चौकटीवर जमलं, असं मी अजून मानते.

गिटारीच्या कडेचं लाकूड वाकवण्याआधी भिजवावं लागतं. त्यासाठी न्हाणीघरातलं निळं पिंप कायमचं राखीव. पहिल्या दिवाळसणाला दादा पहाटे अंधारात अभ्यंगस्नानाला गेला आणि त्याच पिंपातलं पाणी अंगावर घेऊन बाहेर आला, तो तांबूस होऊन. काकू ओशाळल्या. त्या साताऱ्याकडच्या, सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. पाहुण्याची अशी आबाळ त्यांना सहन होईना. काकांनी मात्र जावयाकडे न बघता थेट पिंपात डोकावून बघितलं. "शिसवीचो रंग सुटता," ते म्हणाले, "पण लाकूड बरा भिजला हां."

पण त्यांचा खरा जीव लाकडात नव्हे, शिंपल्यात. गिटारीच्या कडेने आणि मधल्या गोल भोकाभोवती एक बारीक खाच पाडायची आणि तीत चमकदार शिंपल्याचे तुकडे बसवायचे, ही त्यांची खूण. नखाएवढे तुकडे ते केसासारख्या पात्याच्या करवतीने कापत, कानशीने घासत आणि एकाला एक भिडवत. एका गिटारीला असे शे-दोनशे तुकडे लागत. गिटार जिथे कंबरेशी आत वळते, तिथे कडक शिंपला हटकून तुटे, आणि मग भांडण जुंपे. "मेल्या, जरा वळान बघ!" असा त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या नव्या बिऱ्हाडाला वाटलं होतं, घरात कुणी हट्टी मूल आहे.

वहिनीने एकदा त्यांच्या वाढदिवसाला ऑनलाइन एक पाकीट मागवलं. त्यात शिंपल्याच्याच लांब पट्ट्या होत्या. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेल्या, निळ्या-हिरव्या-गुलाबी, आणि मुलांच्या प्लास्टिकच्या पट्टीसारख्या वाकणाऱ्या. एक पट्टी खाचेत घातली की कंबरेचं वळण आपोआप घेते; शंभर तुकडे कापायला नकोत. काकांनी पट्टी वाकवली. ती तुटली नाही, याचाच त्यांना राग आला. "वाकता तो शिंपलो कसलो?" म्हणाले आणि पाकीट माळ्यावर गेलं.

त्याच सुमारास काकूंनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, गिटारचा क्लास लावला. इतकी वर्षं घरात एवढ्या गिटारी बनल्या, पण त्यांनी कधी तार छेडली नव्हती. आता दर रविवारी घाटकोपरला जाऊन शिकू लागल्या. ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्नेहसंमेलनात वाजवायचं, असं त्यांच्या मनात होतं. काकांनी जाहीर केलं, "वाजवतली ती माझ्या हातच्या गिटारीवर." आणि कामाला लागले. खोका उभा राहिला, मान बसली. राहिला फक्त शिंपला.

तो राहिलाच. आम्ही जाऊ तेव्हा गिटार तशीच टांगलेली. विचारलं की म्हणत, "शिंपलेच हलके येतत हल्ली." काकूंनी एकदा सांगून पाहिलं, "अहो, मला नक्षी नसली तरी चालेल." त्यावर काका उसळले, "बोहल्यावर बिनमुंडावळ्यांची उभी ऱ्हवली असतंस काय?" मग काकूंनी तो विषय सोडला. कारण आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. चहाची बशी काकांच्या हातात वाजायला लागली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कंप थोडा उतरला, पण गेला नाही. करवत लावली की नखाएवढा शिंपला दोन बोटांत मोडून पडे. आता मात्र काका शिंपल्याला शिव्या देत नसत. नुसते तुकडे गोळा करत.

संमेलनाला दोन आठवडे उरले असताना मला त्यांचा फोन आला. "चेडवा, रविवारी ये. काकू क्लासाक जातली. तिका कळता नये."

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. गेले, तर टेबलावर गिटार आडवी आणि शेजारी माळ्यावरचं ते पाकीट. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझो हात आता आयकत नाय. तू दाताचा काम करतंस. गोंद धरूक येता तुका."

खाच त्यांनी स्वतःच पाडली होती. मी बोट फिरवलं आणि थबकले. ज्या माणसाच्या रेघेवरून कारखान्यात मोजपट्टी तपासत असतील, त्याची खाच डावी-उजवीकडे झोके खात गेली होती. मी पट्टी कोमट पाण्यात जरा धरून खाचेत दाबत गेले. कडक शिंपला त्या खाचेत बसलाच नसता. ही पट्टी मात्र प्रत्येक झोक्यासरशी वळत गेली, कंबरेशी आली, आत शिरली आणि कुरकुर न करता पलीकडे निघाली. मी कडेने पातळ गोंदाचे थेंब सोडले. सुकल्यावर काकांनी दोन्ही हातांनी पॉलिश पेपर धरून, पाणी लावत लावत ती सपाट केली. फडक्याने पुसल्यावर गिटारीभोवती निळं-हिरवं पाणी हलल्यासारखं दिसलं.

काकांनी गिटार उजेडाकडे तिरकी धरली. मग म्हणाले, "जिता आसा गो ह्यां."

काकू आल्या. त्यांनी चष्मा लावला, कडेवरून सावकाश बोट फिरवलं. "ही नागमोडी कशी काय?"

"मुद्दाम," काका घाईने म्हणाले. "डिझाइन आसा."

काकूंनी माझ्या गोंदाने माखलेल्या बोटांकडे पाहिलं, मग काकांच्या हातांकडे. "छान आहे," त्या म्हणाल्या. "सरळ रेघ काय, कुणीही मारेल."

संमेलनात त्या दोनदा चुकल्या आणि दोन्ही वेळा न थांबता पुढे गेल्या. काका पहिल्या रांगेत बसून ठेका सोडून भलतीकडेच बघत होते. लोकांना कड दिसते की नाही, हे तपासत.

त्यानंतर त्यांनी गिटार बनवली नाही. आता दुपारी काकू रियाजाला बसतात आणि काका शेजारी. परवा मी गेले, तर त्यांचा तळवा वाजत्या गिटारीच्या पाठीवर होता. तारा छेडल्या की लाकूड बारीक थरथरतं, हात ठेवला की कळतं. मला बघून त्यांनी डोळे मिचकावले.

"आता सांग बघूया, मी हलतंय की गिटार हलता?"

"अहो, हलू नका, ताल चुकतो माझा," काकू म्हणाल्या. पण त्यांनी तो हात बाजूला केला नाही. गिटार तेवढी किंचित त्यांच्याकडे कलती केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.