मोटारीची हाक

पूर्वी माझी बायको सुनंदा बादली घेऊन शेडमध्ये शिरायची. "या गं बायांनो," म्हटलं की कोंबड्या तिच्या पायांत घोटाळायच्या. आता खाद्य नळीतून आपोआप लाल भांड्यांत पडतं. मोटार घुरघुरली की त्या तिकडे पळतात, सुनंदाकडे बघतसुद्धा नाहीत. तिला वाईट वाटत असेल, असं मला वाटायचं.

"उलट बरंच झालं," ती म्हणाली. "त्यांना न्यायला गाडी यायची, त्या दिवशीही त्या माझ्या हाकेला धावत यायच्या."

कष्ट वाचावेत म्हणून यंत्र घेतलं होतं. तिच्या मनावरचं एवढं ओझं त्यानं उचललं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मलाही थोडं हलकं वाटलं.

आज सकाळी गाडी आली. न्यायच्या आधी पोट रिकामं लागतं, म्हणून खाद्य रात्रीच बंद केलं होतं. कोंबड्या लांबच्या कोपऱ्यात दाटून बसल्या होत्या.

"दादा, मोटार जरा फिरवा की," पकडायला आलेला माणूस म्हणाला. "आपोआप येतील."

मी बटण दाबलं. रिकामी नळी घुरघुरू लागली आणि सगळ्या धावत आल्या. भांड्यांत दाणा नव्हता, तरी एकही मागे फिरली नाही. माना खाली घालून त्या वाट बघत राहिल्या.