शांत स्वभावाचं इंजिन

रेल्वेचं इंजिन मी आयुष्यात एकदाच विकलं, आणि त्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

इंजिन वीतभर लांबीचं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझी नातवंडं वाचतील आणि म्हणतील, "आजी फिर से लंबी लंबी फेंक रही है."

तेव्हा मी जेमतेम छप्पन्न वर्षांची कोवळी पोर होते. लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घरात वरची एक खोली होती, आणि त्या खोलीत आमच्या ह्यांची रेल्वे होती. हे इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. दिवसभर वनस्पतींची पानं मोजायची आणि घरी आले की छोटे छोटे रूळ जोडायचे. बाकीच्यांचे नवरे संध्याकाळी क्लबात जात, माझा नवरा फलाटावर जाई. (तोही स्वतःच्या घरातल्या.)

रुळांपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग ह्यांना ऑनलाइन लिलावाचा शोध लागला.

पहिली बोली ह्यांनी लावली ती एका फोटोवर भाळून. फोटोत पूल होता, पुलावर गाडी होती, मागे डोंगर, खाली नदी, नदीकाठी गाय. हे हरखून गेले. पार्सल आलं, उघडलं, तर आत गाय! फक्त गाय. "इतर वस्तू केवळ शोभेसाठी" असं जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. गाय तरी धड असावी? तिला तीन पाय होते.

"अहो, तक्रार करा!" मी म्हटलं.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये," हे म्हणाले, आणि आणखी नमुने मागवले.

मग फोटोत नुसता सुंदर खोका दाखवलेली जाहिरात आली. पार्सलमध्येही नुसता सुंदर खोकाच आला. मग एक सिग्नल आला, त्याचा फोटो इतका धूसर होता की तो सिग्नल आहे की मिठाई यावर आमचं भांडण झालं. आणि शेवटी आलं ते इंजिन. "दुर्मीळ, एका रसिकाच्या घरातून", असं वर्णन. फोटो एकाच बाजूचा.

आता, मी कोण? लखनौमधल्या मराठी माणसांची लग्नं जमवणारी बाई! लष्करातली, विमानदलातली, विद्यापीठातली, सगळ्यांच्या मुलामुलींचे बायोडेटा माझ्या हाताखालून जायचे. मी एका नजरेत सांगितलं, "फोटो एकाच बाजूचा आहे ना? मग दुसऱ्या बाजूला काहीतरी आहे."

होतंच. दुसरी बाजू वितळलेली होती. बहुतेक हीटरजवळ ठेवलं असावं कुणीतरी. शिवाय पोटात मोटर नव्हती. ह्यांनी ते कपाटात ठेवलं आणि दोन दिवस वरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

एवढं सगळं होईस्तोवर आमच्या मृणालचं लग्न जमायच्या बेतात आलं होतं. मृणाल म्हणजे आमची एकुलती एक. हुशार, कामसू, आणि तोंडाची अशी की समोरच्या मुलाने पाणी मागितलं तर त्याला आधी पाण्याविषयी दोन प्रश्न विचारील! आलेल्या प्रत्येक स्थळाला हिने नावं ठेवली होती. पण सबनीसांच्या निखिलला ती बाहेर कॉफी प्यायला भेटून आली, आणि घरी येऊन चक्क काहीच बोलली नाही. मी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. लेकीला मुलगा आवडला होता! आता फक्त सबनीसांकडचे रविवारी घरी येणार, आणि सगळं नीट पार पडायला हवं. त्यांची मंडळी वृंदावन योजनेतून येणार, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाहून. वडील विमानदलातून निवृत्त झालेले विंग कमांडर.

"वरची खोली आवरा," मी ह्यांना फर्मावलं. "पाहुण्यांना घर दाखवताना तीन पायांची गाय दिसायला नको."

हे कधी नव्हे ते ऐकले. म्हणाले, "ते इंजिन तरी विकून टाकतो." आणि त्याच लिलावाच्या साइटवर टाकायला जाहिरात लिहून मला दाखवली: "इंजिन. मोटर नाही. चालत नाही. डावी बाजू जळून वितळलेली. एक चाक दुसऱ्या जातीचं आहे. घेऊ नये असा सल्ला."

"अहो! असं लिहून कुणाचं लग्न जमेल का?"

"लग्न नाही, विक्री आहे."

"फरक काय?" म्हणून मी त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः लिहायला बसले. आयुष्यभराची विद्या कामी आली. जे चालत नाही त्याला मी "घरी रमणारं" म्हटलं. मोटर नव्हती, म्हणून लिहिलं, "अत्यंत शांत स्वभावाचं. आवाज अजिबात नाही." जळलेल्या बाजूचं काय? "अनुभवसंपन्न." शेवटी "घरंदाज कुटुंबातलं, पाहताक्षणी पसंत पडेल" असं ठोकून दिलं. फोटो अर्थातच उजव्या बाजूचा. साइटने विक्रेत्याचं नाव विचारलं, तिथे मी "सौभाग्यवती" लिहिलं.

"हे बरोबर नाही," ह्यांनी पुटपुटून पाहिलं.

"यात एक शब्द खोटा दाखवा!"

ह्यांनी दोनदा वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. आणि काय सांगू, बोली नुसती चढत गेली! दोन गृहस्थ हट्टाला पेटले होते. मी चहा घेऊन स्क्रीनसमोर बसले होते, नाटकाला बसावं तशी. शेवटी एकाने बाजी मारली. पार्सलवर लावायचा पत्ता साइटवरून छापून मिळाला, तो मी डोळे मिटून चिकटवला. (डोळे उघडे असते तरी फरक पडला नसता. छप्पन्नाव्या वर्षी चष्मा लावला तर लोक मला वयस्कर समजतील, अशी तेव्हा भीती होती.)

रविवारी सबनीस मंडळी आली. विंग कमांडर ताठ, मिश्या त्याहून ताठ. सबनीस वहिनी गोड. निखिल डोक्यावर कॅप घालून. मी चहा आणि कांदेपोहे मांडले, जवळच्या कपूरथळा चौकातून आणलेल्या जिलब्या मांडल्या, आणि मृणालला आत दटावून ठेवलं होतं की हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

"आई, मैं कोई परेड नहीं करूँगी."

"तोंड उघडू नकोस फक्त. शांत म्हणून लिहिलंय मी तुला."

"तूने मुझे शांत लिखा?" तिने जी नजर टाकली, ती दारापलीकडेही पोचली असेल.

बाहेर गप्पा रंगत होत्या. सबनीसांनी ह्यांना विचारलं, "साहेब, रिकाम्या वेळात काय करता?"

"छोटी रेल्वे," हे लाजत म्हणाले.

"अरे भई वाह!" विंग कमांडर खुर्चीतून अर्धे उठलेच. "अहो, मीही! हात मिळवा!" दोघांनी असे हात मिळवले की मला वाटलं लग्न ह्या दोघांचंच ठरलं. मी मनात हार घातले, अक्षता टाकल्या, पंगतीत मठ्ठा वाढला. तेवढ्यात सबनीसांचा चेहरा काळवंडला.

"पण साहेब, ऑनलाइन काही घेऊ नका हं. लोक महालबाड! आत्ताच एक इंजिन घेतलं मी. काय ते वर्णन! म्हणे शांत स्वभावाचं!"

मी घाईघाईने जिलब्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"शांत कसलं, पोटात मोटरच नाही!"

"आणि डावी बाजू वितळलेली?" हे कळवळून म्हणाले.

"हो!"

"एक चाक दुसऱ्या जातीचं?"

"अगदी! तुम्हाला कसं कळलं?"

मी टेबलाखालून लाथ मारली. ती सबनीस वहिनींना लागली. माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं आहे, आणि त्यासाठी मुहूर्तही तो नेमका निवडतो. म्हणाला, "ते माझं इंजिन. आणि सौभाग्यवती ही."

खोलीत इतकी शांतता पसरली की इंजिनालाही लाजवेल. विंग कमांडरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश खिशातून घडी केलेला कागद काढला. मृणालचा बायोडेटा! मी लिहिलेला!

"शांत स्वभावाची," त्यांनी मोठ्याने वाचलं. "घरी रमणारी. घरंदाज कुटुंबातली. पाहताक्षणी पसंत पडेल." घडी पुन्हा घातली. "वहिनी, हे वाचलंय मी कुठेतरी."

जमीन दुभंगावी असं मला वाटलं. महानगरातली जमीन, पक्की निघाली. तेवढ्यात मृणाल हाक न मारताच बाहेर आली.

"काका, ते सगळं खोटं आहे," ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "मी शांत नाही. घरी अजिबात रमत नाही. पोहे आईने केलेत, मला येत नाहीत. मला राग पटकन येतो आणि बॉसशी माझं दर आठवड्याला भांडण होतं. पण निखिल मला आवडलाय. हे मात्र कुणी लिहून दिलेलं नाही."

मी डोळे मिटून घेतले. आता मंडळी उठणार, चपला घालणार. पण आधी आवाज आला तो निखिलचा.

"तो फिर मैं भी बता दूँ?" असं म्हणून त्याने कॅप काढली. डोकं दुपारच्या गोमती नदीसारखं चकाकत होतं! आम्हाला पाठवलेल्या फोटोत मात्र घनदाट केस होते.

"फोटो जरासा जुना आहे," सबनीस वहिनी चहाच्या कपात बघत म्हणाल्या.

"जरासा?" विंग कमांडर म्हणाले. "कॉलेजचा आहे तो!"

"तुम्हीच म्हणालात ना, हाच पाठव!" वहिनी फणकारल्या.

मृणाल त्या डोक्याकडे बघत होती. मग फिस्सकन हसली. "यार, कॉफी के टाइम भी इसीलिए नहीं उतारी थी?" निखिल कानापर्यंत लाल झाला. (केस नसल्यामुळे लाली बरीच वरपर्यंत गेली.) ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या बशीतली जिलबी तिने उचलली. मला लग्नं जमवायचा एवढा अनुभव. दुसऱ्याच्या बशीतली जिलबी उचलली की पत्रिका बघायचं कारण उरत नाही.

विंग कमांडर मिश्या चावत होते. ते हसू दाबत होते हे मला उशिरा कळलं.

"लग्नाला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण एक अट आहे. यापुढे आपल्या दोन्ही घरांत कुणाचंही, कशाचंही वर्णन वहिनींनी करायचं नाही. ते काम साहेबांचं."

मी मान डोलावली. दुसरं करणार काय? मग दोघे वरच्या खोलीत गेले ते जेवायलाच खाली उतरले, आणि उतरले ते तीन पायांच्या गाईला चौथा पाय कशाचा बसवावा यावर वाद घालत.

लग्न थाटात झालं. सबनीसांकडचे नातेवाईक दूरदूरहून आले होते, आणि कराराप्रमाणे आमच्याकडच्या सगळ्यांची ओळख करून द्यायला हेच माइक घेऊन उभे राहिले. प्रत्येकाबद्दल हे दोन शब्द बोलत होते, तेही तपासून. माझी पाळी आली तशी मी शालू सारखा केला, मान किंचित वळवून चांगली बाजू पुढे केली.

"ही माझी पत्नी," हे म्हणाले. "अनेक वर्षं वापरात. चालू स्थितीत. आवाज भरपूर. परत घेतली जाणार नाही."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एक तरी शब्द खोटा सापडतोय का ते बघितलं. अजून बघतेय.