बंद गोदामातली ऊब

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याची प्रयोगशाळा मी सांभाळते. आमच्याकडे लिग्नाइटची पूड तयार होते. लिग्नाइट म्हणजे कोळसा व्हायच्या वाटेवर असलेलं, जमिनीत गाडलं गेलेलं फार जुनं लाकूड. तपकिरी, हलकं, बोटांत चुरणारं. ते दळून त्यावर एका रसायनाची प्रक्रिया केली की त्याचा स्वभावच बदलतो. ते पाणी झिडकारतं आणि तेलात मिसळतं. खनिज तेलाच्या विहिरी खणताना खाली जो तेलकट चिखल सोडतात, त्यात ही पूड घालतात, म्हणजे चिखलातलं तेल खडकात झिरपून जात नाही. त्या विहिरी मी कधी पाहिल्या नाहीत. मी पाहते ते पोलादी नळकांड्यात तापवलेला चिखल आणि अर्ध्या तासात त्यातून खाली गळलेलं तेल. तेल कमी गळलं, तर माल पास.

नवी होते तेव्हा मिक्सरवरच्या काकांनी मला एक गंमत दाखवली होती. काका किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातले. ऐन उमेदीची वर्षं बोटीवर काढली, मग पाठ गेली आणि कारखान्यात आले. त्यांनी बादलीतल्या पाण्यावर पुडीचा जाड थर पसरला, त्यातून हात मनगटापर्यंत खाली घातला आणि वर काढला. हात काळा झाला होता, पण कोरडा. "हिला पाणी लागत नाय, बाय," ते म्हणाले. मी हसले. त्या संध्याकाळी जवळच सरावलीत माझ्या घरी भांडी घासताना मात्र माझे हात नीट भिजतायत, हे मी दोनदा पाहिलं.

ती गोष्ट गणपतीच्या सुट्टीतली. तीन दिवस कारखाना बंद होता. सुट्टीआधी शेवटचा माल घाईघाईत भरला होता आणि तो पास करणारी सही माझीच होती. चौथ्या दिवशी सकाळी ट्रक लागणार होता. एक जादा नमुना ठेवायचा राहिला म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. गेटवर वॉचमन होता. त्यानं किल्ली दिली आणि म्हणाला, "अंदर कोई नहीं है, मॅडम. लाइट भी बंद है." मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

गोदामाचं दार उघडलं आणि पहिल्यांदा जाणवली ती शांतता. एरवी तिथं मिक्सरची घरघर असते. आभाळ भरून आलेलं होतं, छताच्या पारदर्शक पत्र्यातून मळकट उजेड येत होता. वास ओळखीचा होता, पण त्या जागेचा नव्हता. माहीमला आमच्या वाडीत नारळाची ओली सोडणं, म्हणजे वरची तंतूंची सालं, धुमसत ठेवायचे, तसा गोडसर वास. धूर कुठंच नव्हता. मी मधल्या रांगेत गेले आणि गोणीला हात लावला.

गोणी उबदार होती. उन्हानं तापते तशी नव्हे. तापातल्या माणसाचं कपाळ लागावं तशी. मी शेजारच्या गोणीला हात लावला, मग खालच्या. जितकी आत जावी तितकी ऊब वाढत होती, आणि थप्पीच्या आतून अगदी बारीक, करकरल्यासारखा आवाज येत होता. मला घाबरायला हवं होतं. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, लिग्नाइट आपलं आपण तापतं हे मला पाठ होतं. पण भीती आलीच नाही. उलट फार बरं वाटलं. पाय जड झाले. इथं थोडं बसावं असं वाटलं. खरं सांगायचं तर, कुणीतरी बस म्हणालं असं वाटलं. मी गोण्यांना पाठ टेकून खाली बसले. त्यापुढचं मला आठवत नाही.

नंतर एकदम उजेड, आणि काकांचा हात माझ्या दंडाला. ते मला ओढत बाहेर नेत होते. सुट्टी असून ते आले होते, कारण शेवटचा माल गरम असतानाच भरला गेला हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. आवारात मला उलटी झाली. डोकं फुटेल असं दुखत होतं. वॉचमननं अग्निशमन दलाला फोन लावला.

ते लोक आले आणि त्यांनी पाणी मारलं. मी पायरीवर बसून पाहत होते. तोवर एक गोणी फाटून पूड बाहेर आली होती. पाणी त्या पुडीवरून मोत्यांसारखं घरंगळलं आणि स्वच्छच्या स्वच्छ दाराबाहेर वाहत आलं. पूड कोरडी. आत जे धुमसत होतं त्याला पाण्याचा स्पर्शही झाला नव्हता. त्यांच्यातला एक जण नुसता पाहत राहिला. मी कशीबशी उठले आणि त्यांना सांगितलं, हिला साधं पाणी चालणार नाही, फेस मारा, प्रयोगशाळेत साबणद्रावणाचा कॅन आहे तोही घ्या. त्यानंतर कुठं ती भिजायला लागली.

संध्याकाळपर्यंत थप्पी उतरवली. ती एक फाटलेली सोडली तर बाहेरच्या गोण्या धडधाकट होत्या, शिवणसुद्धा उसवली नव्हती. आतल्या मात्र जळून खाली बसल्या होत्या आणि मधोमध पोकळी झाली होती. एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी. मी जिथं टेकले होते, तिथून ती दोन गोण्या आत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, धुमसण्यातून निघणारा वायू, त्याला वास नसतो, माणसाला गुंगी येते, भास होतात. आणखी थोडा वेळ गेला असता तर तुम्ही उठला नसतात. दुसऱ्या दिवशी मी मालकांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. नमुना माझ्या टेबलावर येईपर्यंत निवला होता, गोण्या निवल्या नव्हत्या, आणि मी फक्त नमुना पाहून सही केली. त्यांनी ऐकून घेतलं. तेव्हापासून भरण्याआधी पूड पत्र्यांवर पसरून निववतात, आणि थप्पीत लांब सळईचं तापमापक खुपसतात. गोदामात वायू साठला की वाजणारा भोंगाही बसवला.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. मध्ये मी त्यांच्या गावी भेटायला गेले. त्यांची बायको अंगणात बोंबील वाळत घालत होती. बोलता बोलता मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी तुम्ही वेळेवर आलात. काका मान हलवून म्हणाले, वेळेवर नाही, उशिराच. ते बराच वेळ दाराबाहेर उभे होते. मी विचारलं, का?

"आत दोघी बोलत होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, तुज्याबरोबर कोन बाईमानूस हाय. मंग मदीच कसं शिरायचं?"

आत कुणी नाही, हे वॉचमनचं बोलणं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. मग मी विचारलं, ती दुसरी काय बोलत होती?

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरी होती.

"ते मला समजला नाय. बोली आपली नव्हती, हिंदी पन नव्हती." ते माझ्याकडे वळले. "पन तू बरोबर जबाब देत होतीस. तुजी पन बोली तीच."

वायू मला लागला होता. काका मोकळ्या हवेत उभे होते. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्या बायकोनं चहा आणला, निघताना सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. रिक्षात बसल्यावर मी हळूच काहीतरी बोलून पाहिलं, नुसता आवाज कसा येतो ते ऐकायला. मराठीच होतं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, काही म्हणालात का?