नात्याचा रकाना

"घरी विचारून सांगतो."

कुणी काहीही विचारा, ओव्हरटाइमला थांबता का, रविवारी आळंदीला येता का, आमचे स्टोअरकीपर टोपी मागे सरकवून हेच म्हणायचे. आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? लग्न झालेला प्रत्येक पुरुष दिवसातून दोनदा हे म्हणतो. पण यांचं लग्न झालेलं नव्हतं. चाळिशी उलटली होती, आणि घरी होते एक शिंपीमास्तर.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीत आमचा कारखाना नुकता उभा राहत होता. ते स्टोअर सांभाळत, मी ऑफिसात क्लार्क. क्वार्टरांचे अर्ज भरून घेणं माझ्याकडे. ते आणि मास्तर पिंपळे गुरवला एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत. मास्तर ओटीवर मशीन टाकून बसायचे. मी तेव्हा सडाफटिंग, रविवारचं जेवण ठरलेलं त्यांच्याकडे. स्वयंपाक यांचा, तक्रार मास्तरांची.

"वांग्यात मीठ घातलंय?"

"घातलंय."

"मग लागत का नाही?"

"जीभ द्या, कारखान्यात नेऊन दुरुस्त करून आणतो."

मला कळत होतं हो. न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हतो. पण जिथं पोटभर जेवतो तिथं असल्या चौकशा करू नयेत, एवढी अक्कल तेव्हा होती. घरमालकीणसुद्धा कौतुकानं सांगायची, "लई गुणाची मानसं हायती. दारू न्हाई, आरडाओरडा न्हाई."

माझे आईवडील लांब गावी. तळेगावला मुलगी बघायला गेलो तो या दोघांना घेऊन. मुलीच्या वडिलांनी यांना विचारलं, "आपली मंडळी नाही आली?" यांनी टोपी मागे सरकवली. मास्तर खाकरले आणि पोह्यांची तारीफ करू लागले. परतताना हे म्हणाले, "होकार देऊन टाका. मास्तरांना ठसका लागला तर पोरगी कुणी सांगायच्या आत पाणी घेऊन आली." माझा लग्नातला कोट मास्तरांनी शिवला. शिलाईचं नाव काढलं तर अंगावर आले. माझ्या बायकोला दोघांचाही फार लळा लागला.

आणि मी काय केलं, ते ऐका.

कामगार मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. त्यात फिशपॉन्ड, म्हणजे निनावी टोमणे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे आणि सभेत मोठ्यानं वाचायचे. यमक जुळवण्यात माझा हात कोण धरणार! मी लिहिलं,

'ओव्हरटाइम? थांबा, विचारतो घरी!
घरच्या लक्ष्मीला मिशी आहे खरी!'

शपथेवर सांगतो, मनात आकस नव्हता. मला हशा हवा होता. तो मिळाला, मांडवाचे पत्रे उडतील इतका. माझ्या शेजारचा तर खुर्चीवरून खाली घसरला. मीही हसलो, नाहीतर चिठ्ठी माझी आहे हे कळलं असतं.

त्याच सभेत एका फोरमनवरही फिशपॉन्ड पडला. त्याची बायको गावी आणि क्वार्टरमध्ये चाकणची बाई, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक. त्याच्या अर्जात नात्याच्या रकान्यात 'चुलत बहीण' असं मीच लिहिलं होतं, डोळा मारून. अर्जाची एक प्रत स्टोअरलाही गेली होती, कारण क्वार्टरच्या चाव्या तिथून मिळत. चिठ्ठीत त्याला गोकुळातला कृष्ण केला होता. पठ्ठ्या उठून चारी बाजूंना हात जोडत फिरला. "नशीब काढलंस राव!" म्हणत लोक त्याची पाठ थोपटत होते. यांच्याकडे मात्र कुणी सरळ बघेना. ते शेवटपर्यंत बसले आणि मग मांडवातलं स्टोअरचं सामान आवरायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून स्टोअरच्या खिडकीशी पोरंटोरं मिशीला पीळ देत विचारायला लागली, "लक्ष्मी बरी आहे ना?" घरमालकिणीचा दीर सभेला होता. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "माजं काय न्हाई वो. पर लेकीबाळींचं घर हाय. खोल्या मोकळ्या करा."

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले.

"बाहेर कुणी जागा देईना. क्वार्टर मिळेल का? मास्तरांना माझा भाऊ म्हणून लिहा."

एक शब्द लिहायचा होता. फोरमनसाठी लिहिताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो. आता वाटलं, लोक म्हणतील, हाही त्यातलाच.

"आडनावं वेगळी आहेत," मी म्हणालो. "नियमात बसत नाही."

"चुलत बहिणीचं जुळलं होतं?"

आवाज चढवला नाही त्यांनी. मी उगाच फायली चाळू लागलो. मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. माझीच चिठ्ठी.

"पेटी आवरताना काढून घेतली. स्टोअरला तुमच्या मागणीच्या चिठ्ठ्या येतात, अक्षर ओळखतो मी. मास्तरांना सांगितलेलं नाही. तुमच्यावर फार जीव आहे त्यांचा. फाडून टाका."

म्हणजे सगळं ठाऊक असून ते माझ्याकडेच जागा मागायला आले होते. मी पाय धरायला हवे होते. निदान 'चुकलो' एवढं तरी तोंडातून निघायला हवं होतं. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये सारली आणि म्हणालो, "बघतो काय करता येतं ते." काय बघणार होतो, कपाळ!

आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. शिलाई मशीन, दोन वळकट्या आणि एक ट्रंक बैलगाडीत घालून दोघं स्टेशनकडे गेले, असं लोकांनी सांगितलं. मी त्या वेळी ऑफिसात होतो. पुढं कुठं गेले, कळलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

त्या दिवशी जेवायला बसलो तर बायकोचे डोळे सुजलेले.

"मास्तर येऊन गेले," ती म्हणाली. "तुमची चौकशी करत होते. कसं घर होतं हो त्यांचं! कुणी लिहिली असेल ती चिठ्ठी?"

"असेल कुणीतरी नालायक," मी म्हणालो.

"अगदी नालायक," ती म्हणाली, आणि तिनं मला आमटी वाढली.