न म्हटलेलं आमेन

लादी निम्मी पुसून झाली होती. खिडकीकडची बाजू ओली, कपाटाकडची कोरडी, आणि मधोमध गुडघे टेकून ती फडकं पिळत होती, तेवढ्यात सासूबाईंनी खाटेवरून टाळी वाजवली.

"सात वाजले. बादली सरकव."

"एवढीच बाजू राहिलीय, आई. दोन मिनिटं."

"मग देवाला सांगू का, जरा थांब म्हणून? आमच्या सूनबाईंची लादी चाललीय?"

बादली दाराआड गेली. नऊ वर्षांची लेक वही मिटून आली. सासूबाई खाटेच्या कडेला आणि या दोघी खाली कोरड्या भागात, अशा तिघी प्रार्थनेला बसल्या. ताप असो, पाहुणे असोत, घरात कुणी रुसलेलं असो, या घरातली सातची प्रार्थना चुकली नव्हती.

गल्लीत तिला सगळे काजबटण म्हणायचे. बाजारातल्या टेलरमास्तरांनी शिवलेले शर्ट ती घरी आणायची, काजं करायची, बटणं लावायची आणि मंगळवारी-शुक्रवारी दुपारी नेऊन द्यायची. बारा वर्षं हेच काम. शर्टाला सहाऐवजी पाचच बटणं लागली असतील तर न बघता तिच्या बोटांना कळायचं. बोलायला मात्र ती अगदी कच्ची. प्रार्थनेत तिची पाळी आली की लहानपणी पाठ केलेल्या चार ओळी ती एका श्वासात म्हणून टाकायची आणि सुटायची.

सासूबाईंचं तसं नव्हतं. गुडघे गेल्यापासून त्यांचं चालणं मोरीपर्यंतच उरलं होतं, पण जीभ ठणठणीत होती, आणि डोळे मिटले की तिला धारच यायची. "प्रभू, माझ्या सुनेच्या हाताला चव दे. तुझ्या दयेला अंत नाही, म्हणूनच एवढं मोठं मागायचं धाडस करते." नाहीतर, "या घरातल्या एका जिवाला सकाळी सहाला उठण्याची शक्ती दे, नाव तुला ठाऊक आहे." देवाशी बोलणाऱ्या माणसाला मधे तोडायचं कसं? शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. तीही म्हणायची. आपल्याच अंगावरच्या फटक्याला आपणच मान डोलवायची.

आमेनचा नियम सासऱ्यांचा. ते चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पंच होते, वारून सहा वर्षं झाली होती, पण नियम घट्ट होता. आमेन म्हणजे सही, ते म्हणायचे, खोट्या कागदावर या घरात कुणी सही करणार नाही. ज्याला पटत नसेल त्याने गप्प राहावं, पण का गप्प राहिलो ते सांगितल्याशिवाय जागेवरून उठू नये. स्वतःच्या धाकट्या भावाला त्यांनी एकदा जेवणाची वेळ टळून गेली तरी तसंच बसवून ठेवलं होतं. सासूबाई दिवसभर वाटेल ते बोलतील, दूध उतू गेलं तर आळ मांजरावर घालतील, पण खोटं आमेन त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. नवऱ्याला त्या जितक्या भ्यायच्या तितक्या बहुधा देवालाही भीत नव्हत्या, आणि नवरा मेल्यावर तर तो आणि देव एकाच ठिकाणी जाऊन बसले होते.

तिचा नवरा वेल्डर. दूरच्या बंदरात जहाजांच्या दुरुस्तीवर गेला त्याला चौदा महिने झाले होते. पहिले सात महिने फोन यायचे, पुढे बंद. कंपनीत विचारलं तर म्हणाले, तो काम सोडून गेला, कुठे ते ठाऊक नाही. त्याच सुमाराला तिथे एका जहाजावर स्फोट झाला होता, काही माणसं ओळखूसुद्धा आली नव्हती. तेव्हापासून तिला बायको म्हणावं की विधवा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रडावं तर जिवंत माणसासाठी रडल्याचं पाप, आणि हसावं तर लोक बघतात.

"काय काजबटण, काही पत्ता?" टेलरमास्तर दर खेपेला विचारायचे.

"नाही हो, मास्तर."

"माणूस आहे का सुई? गवतात हरवायला."

ती शर्ट मोजून द्यायची आणि घरी यायची.

घरी सासूबाई मुलासाठी प्रार्थना करायच्या, रोज, न चुकता. "माझ्या लेकराला जिथे असेल तिथे सुखात ठेव. त्याला घर सोडायला ज्यांनी लावलं त्यांना सुबुद्धी दे." ती खाली मान घालून ऐकायची. कितीतरी संध्याकाळी ऐकल्यावर एकदा, काज करता करता, तिची सुई थांबली. एक बटण कमी होतं. आईने मुलासाठी सगळं मागितलं होतं, त्याची तब्येत, त्याचं सुख, वर सुनेला अक्कल, पण 'त्याला घरी आण' हे एकदाही मागितलं नव्हतं.

मेलेल्याला कुणी 'सुखात ठेव' म्हणत नाही. आणि हरवलेला परत नको असं आई म्हणत नाही.

तिने कुणाला काही विचारलं नाही. दिवसा विचारून सासूबाईंकडून काय मिळणार ते तिला माहीत होतं. आधीच्या रविवारी चर्चमध्ये पाळक म्हणाले होते, देवापुढे पुटपुटू नका, लेकरू जसं आईचा पदर ओढून मागतं तसं नाव घेऊन मागा, आणि मिळेल असं धरून मागा. ते वाक्य तिने आठवडाभर शर्टांबरोबर शिवलं.

मग एका संध्याकाळी सासूबाईंचं मागून झालं. मुलीने परीक्षेसाठी मागितलं. मग तिची पाळी.

"देवा," ती म्हणाली आणि थांबली. पाठ केलेल्या चार ओळी तोंडाशी आल्या होत्या, त्या तिने गिळल्या. "आज मी माझं बोलते. चुकलं तर सांभाळून घे. माझा नवरा मेला असेल तर मला रडू दे. जिवंत असेल तर आज दाखव, उद्या नको. गोड उत्तर मला नकोय, खरं दे. तू देशील म्हणूनच मागतेय. आणि या खोलीतल्या कुणालाही त्याचा ठावठिकाणा माहीत नाही, हे आम्ही तिघी तुझ्यासमोर सांगतो. येशूच्या नावाने."

"आमेन," मुलगी म्हणाली.

"आमेन," ती स्वतः म्हणाली.

खाटेवरून काहीच आलं नाही. मोरीतल्या नळाचं टपटप ऐकू येत होतं.

"आजी, आमेन म्हणा ना. झोपलात का?"

"उठा आता," सासूबाई म्हणाल्या. "चुलीवर भाजी आहे, करपेल."

"करपू दे," ती म्हणाली. "नियम आहे, आई."

सासूबाईंनी डोळे उघडले. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, त्याच्याकडे एकदा बघितलं. मग सुनेकडे बघितलं, आणि त्या बघण्यात लाज नव्हती, राग होता.

"जिवंत आहे. चांगला धडधाकट आहे. तिकडे दुसरं घर केलंय. मुलगा झालाय, दोन महिन्यांचा. तू शर्ट द्यायला गेलीस की मला फोन करतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. झालं? खरं पाहिजे होतं ना तुला? घे."

"तुम्ही मला सात महिने…"

"तोच म्हणाला, तिला सांगू नकोस. कळलं तर माहेरी जाईल, मग तुला कोण बघेल?" सासूबाईंनी पाय खाटेवर ओढून घेतले. "बरोबरच बोलला. मला बघायला कोण येणार होतं? तो? त्याची ती? मेला की जगला ते कळेना म्हणून तू थांबलीस. थांबलीस म्हणून मला दोन वेळचं मिळालं. धीट झालीस, आता सोस."

यातलं मुलीला एकच कळलं. "म्हणजे बाबा मेले नाहीत?"

"नाहीत," ती म्हणाली.

मुलीने टाळ्या वाजवल्या. उड्या मारत ती ओल्या लादीवर गेली, घसरली, हसत उठली. "मी म्हणत होते ना! कधी येणार?"

सात महिन्यांत ते पोर असं हसलं नव्हतं. त्या हसण्याकडे बघत तिला उभं राहावं लागलं. बाकीचं तिने मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हळूहळू, आणि ते सांगणं नवऱ्याच्या सगळ्या करणीपेक्षा तिला जड गेलं. त्या संध्याकाळी भाजी खरोखरच करपली, आणि तिघींनी तीच खाल्ली.

चार दिवसांनी पाळकीणबाई समजूत घालायला आल्या. "देवाची इच्छा, बाई."

"इच्छा माझ्या नवऱ्याची," ती म्हणाली. "देवाने फक्त मी मागितलं ते दिलं. त्याला बोल लावू नका."

तिचं माहेर म्हणजे एका खोलीत भाऊ, भावजय आणि तीन पोरं. ती गेली नाही. सासूबाईंना जेवण वेळेवर मिळत राहिलं. पण सातची प्रार्थना बदलली. पाठ केलेल्या ओळी गेल्या त्या गेल्याच. आता ती रोज नाव घेऊन मागायची. "देवा, तिकडच्या लेकराला बाळसं येऊ दे. त्याच्या आईला दूध पुरू दे. त्याच्या आजीला त्याचं तोंड बघता येत नाही, तिच्या जिवाला धीर दे." आणि सासूबाईंना आमेन म्हणावं लागायचं. नातवाच्या बाळशाला नाही कसं म्हणणार? त्या म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

पहिले पंधरा दिवस त्या मागण्यात विष होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि ज्याच्याकडे मागत होती त्यालाही. पुढे बाळाला ताप आल्याचं सासूबाईंना आलेल्या फोनवरून कळलं, तेव्हा ती मागता मागता मधेच अडखळली. किती विष उरलंय आणि किती खरंच मागणं आहे, ते तिचं तिलाच मोजता येईना. तरी तिने मागणं सोडलं नाही. ताप उतरला.

एका शनिवारी सकाळी सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या पोराचं प्रार्थनेत नको गं घेत जाऊस. मला सोसत नाही."

"मग कुठे घेऊ, आई?"

तिने त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि पिशवी उचलली. मुलीच्या शाळेच्या बुटाचा तळ सुटला होता, तो शिवून आणायचा होता.